तळहातावर मावेल तेवढा प्रसाद

गणरायाचे आगमन झाले की आमच्या अंजनगाव सुर्जीतील घराघरांतून तळणीच्या मोदकांचा सुवास दरवळू लागतो. सकाळ-सायंकाळ आरत्या, मंत्रपुष्पांजली आणि रात्री कीर्तन यांत दहा दिवस कसे सरतात ते कळत नाही. या आनंदपर्वात भाविक कुटुंबांचे लक्ष आम्ही एका वेगळ्याच विषयाकडे वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे आपल्या शाळकरी मुलांचा वाढता लठ्ठपणा. या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्याच हातून घडलेल्या एका अपराधामुळे; म्हणून आरंभ त्या कबुलीनेच करतो.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील कीर्तनात आम्ही श्रींच्या नामांचे विवरण करीत होतो. ओघात ‘लंबोदर’ हे नाम आले. पहिल्याच ओळीत दहा वर्षांचा एक स्थूल मुलगा हाती टाळ घेऊन बसला होता. त्याच्याकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो, ‘‘हे पाहा आमचे साक्षात लंबोदर!’’ मंडपात हशा पिकला. कीर्तनकाराला हशा प्रिय असतो. आम्ही पुढच्या नामाकडे वळलो. दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली आणि नमस्कार करून हळू आवाजात म्हणाली, ‘‘महाराज, शाळेत पोट्टे त्याले असंच चिडवतात. म्हनून त्यानं मैदानात जानं सोडलं. आता देवाच्या मांडवातबी येत नाही म्हन्ते.’’

ज्याच्या उदरात अवघे ब्रह्मांड सामावले आहे तो लंबोदर, हे आम्ही आयुष्यभर लोकांना सांगत आलो. त्याच विघ्नहर्त्याच्या नामाने आम्ही एका बालकाच्या वाटेत विघ्न उभे केले होते.

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तासभर बसलो, तेव्हा त्याचा दिनक्रमही कळला. सकाळी आजी तूप-साखर-पोळी प्रेमाने भरवी. घाईच्या दिवशी डब्यात बिस्किटे जात. मधल्या सुट्टीत वेफर्सची पुडी, घरी परतताना वडिलांनी घेऊन दिलेले शीतपेय, मग शिकवणी आणि रात्री मोबाइल समोर ठेवून जेवण! त्या घरात दोषी असे कोणीच नव्हते. प्रत्येकजण त्याच्यावर माया करीत होता आणि प्रत्येकाची माया त्याच्या ताटातच येऊन पडत होती.

हे एका घराचे चित्र नव्हे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार 5 ते 19 वर्षे वयोगटातील लठ्ठ मुलामुलींची संख्या भारतात 1990 साली सुमारे 4 लाख होती, ती 2022 साली सव्वा कोटीवर गेली. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाट आहे. तेथील बालकांच्या कुपोषणाने अनेक वर्षे महाराष्ट्राची मान खाली घातली. डोंगरावर अन्न कमी पडते आणि पायथ्याशी नको ते अन्न अधिक होते. दोन्हीकडे लेकरांचे पोषण मात्र चुकते. एकेकाळी प्रौढांचे मानले गेलेले मधुमेह व रक्तदाब हे विकार आता स्थूल मुलांतही आढळू लागले आहेत. ‘बाळसे आहे, मोठा झाला की उतरेल’ हा घरोघरचा दिलासा म्हणूनच धोक्याचा आहे.

आमच्या पूर्वसूरींना हे ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेची कारणे सांगितली आहेत. अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या जोडीला तेथे ‘बीजस्वभाव’ हेही कारण नमूद आहे. शरीराचा कल माता-पित्यांकडूनही येतो, हे चरकांनी जाणले होते. मग केवळ बालकाला खादाड ठरवून हिणवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास आणि एक मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. गीतेने गौरविलेला युक्ताहार तो हाच.

शासनानेही काही पावले उचलली आहेत. महाराष्ट्रात 2017 साली शाळांच्या उपाहारगृहांतून अपायकारक पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश निघाला. अति तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरांच्या आत विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 साली आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक लावण्यास सांगितले. परंतु घरातून निघणाऱ्या डब्यावर कोणता निरीक्षक नेमणार? तेथे माउलीचाच अधिकार चालतो.

म्हणून भाविक माता-भगिनींना आमची विनंती आहे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. त्याचे वजन वय व उंचीच्या तक्त्याशी ताडून वैद्यांचा सल्ला घ्यावा. वजन स्थिर राहून उंची वाढली, तरी अनेक मुलांचे अर्धे काम होते. डब्यात भाकरी-भाजी, उसळ, फुटाणे, आपल्या मळ्यातील केळे द्यावे. 300 मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते. तहानेला पाणीच द्यावे. पथ्य एकट्या मुलाला नको, सर्व घराने पाळावे. आणि रोज एक तास त्याला धावू द्यावे. ज्या अमरावतीत 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि ज्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांचे दर्शन घडविले, त्या जिल्ह्यातील मुलांना मैदान परके व्हावे काय?

कीर्तनकाराने अशा गोष्टी बोलाव्यात काय, असे कोणी विचारील. याच तालुक्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता शिकविली. आम्ही त्यांच्या वाटेवरचे पाईक आहोत.

प्रसादाचे माप आपल्या परंपरेने आधीच ठरविले आहे. तो उजव्या तळहातावर मावेल तेवढाच घ्यावयाचा असतो. त्याची गोडी भावात आहे, राशीत नाही. मोदक अवश्य करावा, देवाला अर्पण करावा, लेकराच्या हातावरही ठेवावा. मात्र रोजचा दिवस हा चतुर्थी नव्हे, हे स्मरावे.

तो मुलगा पुढील वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना दिसला. त्याचे वजन किती उतरले, हे आम्ही विचारले नाही. दमला होता, घामाने भिजला होता, पण पथकातून बाहेर पडत नव्हता. आम्हांस पाहून तो हसला. आमच्या अपराधाची क्षमा गणरायाने त्या हास्यातून केली, असे आम्ही मानतो.