मागे कोण राहणार?

सहलीला जायचं ठरलं की घरातल्या सगळ्यांच्या अंगात उत्साह संचारतो आणि एकीच्या डोक्यात याद्या सुरू होतात. ती एक कोण, हे तुम्हांला सांगायला नकोच! अण्णांच्या साखरेच्या गोळ्या, सासूबाईंचं उपासाचं, धाकट्याला गाडी लागते त्याची तजवीज, दूधवाल्याला निरोप, तुळशीला पाणी कोण घालणार... आपण निघतो तेव्हा निम्म्या दमलेल्या असतो.

२०२० च्या जानेवारीत आम्ही नऊ जण लक्षद्वीपला जाऊन आलो. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, माझी नणंद, तिचे यजमान आणि त्यांची मुलगी. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा, सर्वांत वडील पंचाहत्तरीचे. अण्णांच्या पंचाहत्तरीला हॉल घेऊन जेवणावळ घालण्यापेक्षा सगळे मिळून कुठंतरी जाऊ, ही कल्पना वन्संची. आणि समुद्रच हवा, हा हट्ट अण्णांचा. जन्म नाशिकला गेलेला, बोटीत बसले ते गोदावरीच्याच!

लक्षद्वीप म्हणजे केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात विखुरलेली ३६ चिमुकली बेटं. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. कायमची वस्ती त्यातल्या दहा बेटांवरच. तिथं जायला आधी परवाना लागतो. आम्हांला त्यासाठी पोलीस ठाण्याचे दाखलेही काढावे लागले, त्यामुळे तयारी तीन महिने आधी सुरू केली. तेव्हा 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल असे. कोचीहून जहाजात बसायचं, रात्री जहाज चालायचं आणि दिवसा एकेका बेटावर उतरायचं. कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती अशी तीन बेटं. रोज सामान बांधा-सोडायची कटकट नाही, स्वयंपाक नाही, हे ऐकूनच मी 'हो' म्हटलं होतं.

नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने आम्ही कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला पोचलो. बेटांचं नाव लावणारी गाडी म्हणून मुलांना कोण कौतुक! कोचीच्या बंदरातून दुपारी 'एम. व्ही. कवरत्ती' जहाज सुटलं. चौघाचौघांच्या कॅबिन, स्वच्छ चादरी, वेळेवर जेवण. वन्संची मुलगी आजी-आजोबांबरोबर झोपली. किनारा दिसेनासा झाला तसे अण्णा कठड्याला धरून जे उभे राहिले, ते अंधार पडेपर्यंत.

पहिला दिवस : कल्पेनी

एक गोष्ट आम्हांला कुणी नीट सांगितली नव्हती, म्हणून मी तुम्हांला सांगते. या बेटांभोवती प्रवाळांचा, म्हणजे पोवळ्यांचा कठडा असतो. त्याच्या आतला समुद्र उथळ, नितळ. मोठं जहाज तिथं शिरू शकत नाही. आमचं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबलं. त्याच्या पोटातलं एक दार उघडलं आणि खाली एक लहान होडी येऊन लागली. त्या होडीत उतरायचं. होडी लाटेबरोबर कधी दाराच्या पातळीला येते, कधी हातभर खाली जाते.

मुलं खलाशांच्या हातात हात देऊन टुणकन उतरली. अण्णाही उतरले. सासूबाई दाराशी आल्या, खाली पाहिलं आणि चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"मी नाही उतरणार. तुम्ही सगळे जा."

मागे रांग खोळंबली होती. होडीतून सगळ्यांनी वर पाहिलं. सासूबाईंकडे नव्हे, माझ्याकडे! कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. मीच म्हटलं, "मी थांबते आईंजवळ."

होडी गेली. त्या निळ्या-हिरव्या पाण्यात ती लहान लहान होत गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिने परवान्यांसाठी खेटे मी घातले, नऊ जणांच्या बॅगा मी भरल्या, आणि बेट पाहायची वेळ आली तेव्हा मी कॅबिनमध्ये! राग सासूबाईंचाही आला. खोटं कशाला सांगू?

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग त्याच म्हणाल्या, "तू कशाला थांबलीस गं?"

"तुम्हांला एकटं कसं सोडणार?"

"मी माझ्यापुरतं म्हटलं होतं. तुला थांब म्हटलं नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पण तू थांबलीस ते मला नवं नाही. लग्न झाल्यापासून पंचवीस वर्षं आम्ही दरसाल गडावर जायचो. सप्तशृंगीच्या पायऱ्या सगळे चढायचे आणि मी खाली. कधी कुणाचं तान्हं, कधी सामान, कधी सगळ्यांच्या चपला. देवी मी पाहिली ती चाळिशी उलटल्यावर. तेव्हा मलाही कुणी थांब म्हटलं नव्हतं. नुसतं माझ्याकडे पाहायचे."

मी गप्पच झाले. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत त्या बाईंनी मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

संध्याकाळी मंडळी परतली ती उन्हानं लाल होऊन, खूष होऊन. पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांची रासच्या रास पडलेली पाहिली म्हणे. १८४७ सालच्या वादळात समुद्राने ती आणून टाकली असं तिथं सांगतात. वन्संनी सांगितलं, की या बेटांवर मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या त्या या कल्पेनीत. मुलीने खिशातून प्रवाळाचे तुकडे आणले नव्हते हे ऐकून मला बरं वाटलं. तिने गोळा केले होते, पण वाटाड्याने ते परत ठेवायला लावले. प्रवाळ उचलून नेणं हा गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

रात्री जेवताना सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "उद्या मी उतरायचा प्रयत्न करीन. नाहीच जमलं तर मी एकटी पुस्तक वाचीन. आणि सोबत लागलीच, तर ती पाळीपाळीने. सूनबाईची पाळी आज झाली."

अण्णा भाताकडे बघत राहिले. हे काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत.

दुसरा दिवस : मिनिकॉय

सकाळी मी वयस्कर खलाशाला गाठलं आणि उतरायची रीत नीट विचारून घेतली. ती अशी : खाली पाण्याकडे पाहायचं नाही, समोरच्या माणसाकडे पाहायचं. होडी वर येईपर्यंत थांबायचं. ते 'आता' म्हणाले की एकच पाऊल टाकायचं, उडी मारायची नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स, पिशवी, मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा. चपला मागे पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या. सासूबाईंनी पाचवारी घोट्याच्या वर खोचली, पदर कमरेला आवळला. दोन खलाशांनी दंड धरले, आणि बाई होडीत! बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर "चष्मा कुठंय माझा?"

मिनिकॉय लक्षद्वीपच्या अगदी दक्षिणेला. बाकीच्या बेटांवर मल्याळमची बोली, इथं मात्र महल भाषा, मालदीवच्या भाषेच्या जवळची. इंग्रजांनी १८८५ साली बांधलेलं दीपगृह अजून उभं आहे. मुलं वर चढली, आम्ही नारळाच्या सावलीत शहाळी पीत बसलो. इथले लोक ट्यूना मासा एकेका गळाने पकडतात. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून वर्षभर टिकवतात. आपल्याकडे सुकट-बोंबलाची बेगमी करतात, त्याच जातीचं काम.

पण आम्हां दोघींना गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. इथं घर चालतं आईच्या नावानं. लग्न झाल्यावर मुलगी सासरी जात नाही, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. गावाचा जसा पुरुषांचा मुखिया, तशी बायकांचीही वेगळी प्रमुख असते. वस्ती सगळी मुसलमानांची, आणि रीत ही अशी, पिढ्यान्‌पिढ्यांची. पुरुषमंडळी पूर्वीपासून जहाजांवर महिनोन्‌महिने बाहेर, मग घर-गाव सांभाळणार कोण?

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि वाटाड्याला हिंदीत विचारलं, "मग इथं सहलीला गेलं की मागे कोण थांबतं?" त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि मला वाटतं, ह्यांनाही कळला.

तिसरा दिवस : कवरत्ती

तिसऱ्या दिवशी वारा होता. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि स्वतःच सांगितलं, "आज नाही." आदल्या दिवशी उतरल्या होत्या, म्हणून त्या 'नाही'त भीती कमी आणि निवड जास्त होती. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "आज माझी पाळी."

आणि मी होडीत बसले. लग्नानंतर प्रथमच अशी, की माझ्या खांद्याला पिशवी नव्हती!

तळाला काच असलेल्या होडीतून आम्ही प्रवाळ पाहिले. रंगीत मासे झुंडीने फिरत होते, पण मधे मधे प्रवाळाचे मोठे पट्टे करडे, मेल्यासारखे. प्रवाळ हा दगड नव्हे, तो जीव. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळं राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही. समुद्राचं पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळं बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि तसाच राहिला तर मरतो. इथं १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. आम्ही जाऊन आल्यावर २०२४ मध्ये पुन्हा झालं. बेटांचा कठडा तोच, लाटा अडवतो तोही तोच. तो गेला तर या लोकांनी जायचं कुठं?

दुसरी गोष्ट पाण्याची. चहूकडे समुद्र, आणि नदी-ओढा नावालाही नाही. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, डाळीवर तुपाचा तवंग असतो तसं. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून कवरत्तीत २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारला, दिवसाला एक लाख लिटरचा. त्याची युक्ती आपल्या प्रेशर कुकरच्या अगदी उलट. कुकरमध्ये दाब वाढवतो म्हणून पाणी जास्त तापूनच उकळतं. इथं टाकीतला दाब इतका कमी करतात, की समुद्राचं वरचं कोमट पाणीच वाफाळतं. मग सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून थंडगार पाणी नळाने आणून त्यावर ती वाफ निववतात. मीठ मागे, गोडं पाणी पुढे. हे ऐकल्यापासून नळ वाहता ठेवून भांडी घासताना माझा हात आपोआप नळाकडे जातो.

संध्याकाळी परतले तर हे कॅबिनमध्ये कंटाळून बसलेले. "अगं, दिवस संपता संपत नाही इथं," म्हणाले. सासूबाई पत्त्यांचे सहा डाव जिंकल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या.

घरच्या वडीलधाऱ्यांना नेताना

मैत्रिणींनो, अनुभवातून आलेल्या चार गोष्टी. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, दोन दिवस जास्तीची. चिठ्ठीची प्रतही जवळ हवी. समुद्र लागू नये म्हणून गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. पोट रिकामं ठेवू नये. आलेपाक, कुरमुरे, कोरडी बिस्किटं बरी. मळमळलं तर खाली पुस्तकात न पाहता दूर क्षितिजाकडे पाहावं, जहाजाच्या मध्यभागी बसावं. साखरेच्या रुग्णांचं जेवण बेटावर किती वाजता, हे आधी विचारावं. मुलांना त्यांच्या मापाचंच लाइफ जॅकेट मागून घ्यावं. आणि चढ-उतार कसे आहेत, हे पैसे भरण्याआधी विचारा. सहलींची आखणी, दर, परवान्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे जाण्यापूर्वी ताजी चौकशी कराच.

पाचवी गोष्ट कुठल्याच यादीत नसते. निघण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा : मागे कोण राहणार? नाव आधी ठरू द्या, आणि रोज वेगळं ठरू द्या. ऐनवेळी सगळ्यांनी एकीकडे पाहायची वेळ येता कामा नये.

आम्ही परतलो आणि दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. सगळेच घरात, कुणीच कुठं जाईना. पुढे २०२२ साली अण्णा गेले. ती एकच समुद्रसफर त्यांच्या वाट्याला आली, आणि तिच्यातला एकही दिवस त्यांनी कॅबिनमध्ये काढला नाही, याचं मला समाधानच आहे.

गेल्या वर्षी आम्ही गडावर गेलो. आता वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्यांचा प्रश्न नाही. तरी गाडीतून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी आपल्या चपला काढून मुलाच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "तू बस. आम्ही दोघी जाऊन येतो."