जादूगार मेला, तरी घाव बसतोच

रमी किंवा बदामसात खेळताना आपली पाळी येईपर्यंत हातातली पानं सारखी करत बसायचं असतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळताना ही सवय पहिल्याच डावात महागात पडते. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या रिचर्ड गारफिल्डनं रचलेला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकन कंपनीनं १९९३ साली बाजारात आणलेला हा खेळ. यात समोरच्याच्या पाळीतही मध्येच तोंड घालता येतं, आणि खरी मजा तिथंच आहे.

काही कार्डांवर ‘ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी’ असते. ती ओळखायची खूण म्हणजे अपूर्णविराम. त्याच्या आधी मोल, नंतर फळ. पहिल्याच संचातलं ‘प्रॉडिगल सॉर्सरर’ घ्या. हा १/१ ताकदीचा (पहिला आकडा माऱ्याचा, दुसरा घाव सोसण्याचा) निळा जादूगार टॅप करायचा, म्हणजे कार्ड आडवं करायचं, आणि हव्या त्या लक्ष्याला एक घाव द्यायचा. मात्र तो आपल्या ताब्यात आल्यावर आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत असा टॅप करता येत नाही.

समजा, समोरच्यानं या जादूगाराकरवी माझ्या १/१ ‘लॅनोवार एल्व्ह्ज’वर नेम धरला. लक्ष्य आधी सांगायचं, मोल लगेच चुकवायचं. घाव मात्र लगेच बसत नाही. ॲबिलिटी ‘स्टॅक’वर जाते. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. आता मला उत्तर द्यायची संधी आहे. मी ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकून जादूगाराला तीन घाव देतो. बोल्ट वर आहे, म्हणून तो आधी लागू होतो आणि जादूगार मरतो. नवखा खेळाडू इथं सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण खालची ॲबिलिटी तशीच आहे. एकदा स्टॅकवर गेली की मूळ कार्ड उरलं नाही तरी ती टिकते. माझे एल्व्ह्ज मरतात ते मरतातच, आणि बोल्टही खर्च झालेला असतो.

मग वाचवायचं कसं? जादूगाराच्या मागे न लागता लक्ष्याकडे बघायचं. एल्व्ह्जवर ‘जायंट ग्रोथ’ टाकलं की ते त्या पाळीपुरते ४/४ होतात आणि एक घाव पचवतात. किंवा ‘मदर ऑफ रून्स’ टॅप करून त्यांना निळ्या रंगापासून संरक्षण द्यायचं. मग घावाचं एकुलतं एक लक्ष्यच अवैध ठरतं आणि ॲबिलिटी काहीही न करता विरून जाते. चुकवलेलं मोल मात्र परत मिळत नाही.

दोन्ही खेळाडूंनी लागोपाठ ‘पास’ म्हटल्यावर सगळ्यात वरची एकच गोष्ट लागू होते, आणि पुन्हा दोघांना बोलायची संधी मिळते. अख्खी चळत एका दमात रिकामी होते हा समज चुकीचा आहे.

एक सूट आहे. त्याच एल्व्ह्जना टॅप करून हिरवा माना, म्हणजे पानं खेळायला लागणारी जादुई ऊर्जा, काढला, तर ती माना ॲबिलिटी. ती स्टॅकवर जातच नाही, तिला उत्तरही देता येत नाही. पण ‘पोल्युटेड डेल्टा’ हे जमिनीचं कार्ड माना देत नाही. एक आयुष्य आणि ती जमीनच मोजून गड्डीतली दुसरी जमीन शोधून आणते, म्हणून तिची ॲबिलिटी स्टॅकवर जाते. तिथं एका निळ्या मानाचं ‘स्टायफल’ टाकून ती हाणून पाडता येते. समोरच्याची जमीनही गेली आणि शोधही गेला. यापेक्षा कुचकट चाल मला तरी माहीत नाही.

ही स्वच्छ रचना मुळातली नव्हे. आधी ‘इंटरप्ट’ नावाची पत्त्यांची वेगळी जात होती आणि तिचे नियम डोकं फिरवणारे होते. स्टॅक आला १९९९ साली, सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर. माझ्या मते त्या खेळाची ती सर्वांत मोठी सुधारणा. पुढं २००९ मध्ये लढाईतले घाव स्टॅकवरून काढून टाकले. त्याआधी ‘मॉग फॅनॅटिक’ आपला लढाईतला घाव स्टॅकवर ठेवून स्वतःचा बळी द्यायचा आणि आणखी एक घाव मारायचा. काही जुन्या खेळाडूंना तो बदल रुचला नाही. मला तो योग्य वाटतो.

विझर्ड्सच्या संकेतस्थळावर पूर्ण नियमावली फुकट मिळते. ॲबिलिटी सुरू करण्याचे नियम कलम ६०२ मध्ये आहेत, ती लागू होण्याचे ६०८ मध्ये. खेळायला बसण्याआधी निदान ही दोन वाचा.