आजीची किडनी आणि गुडघ्याची गोळी

या आठवड्यात एकाच प्रश्नाच्या व्हॉइस नोट्स ढिगानं आल्यात. “आजीचं क्रिएटिनिन १.१ आलंय, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय, मग डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी का बंद केली?”

डॉक्टर बरोबर आहेत. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. आजीचे स्नायूच कमी झालेत, त्यामुळे ते कमी बनतं आणि आकडा गोंडस दिसतो. २०२१च्या सूत्रानं ईजीएफआर काढा: १.१ वर २५ वर्षांच्या मुलाचा साधारण ९५ येतो, ७५ वर्षांच्या बाईचा ५२. आकडा तोच, किडनीची ताकद जवळपास निम्मी!

प्रत्येक किडनीत सरासरी १० लाख गाळण्या असतात. जन्मानंतर नवीन बनत नाहीत, वयाबरोबर घटत जातात. प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी आणि बाहेर नेणारी एक. बाहेरची नळी आवळायचं काम अँजिओटेन्सिन या हार्मोनचं. आतली उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनचं. तेही हार्मोनसारखंच, फक्त जागच्या जागी बनतं आणि तिथंच काम करतं. दोघं मिळून गाळणीतला दाब टिकवतात. तुमच्या-माझ्या किडनीला या मदतीची एरवी फारशी गरज पडत नाही. आजीची मात्र त्यावरच तगून असते.

आता दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. म्हातारपणी काही पेशी विभागणं थांबवतात, पण मरत नाहीत. नुसत्या बसून दाहाचे सिग्नल सोडत राहतात, घरातल्या कुरकुऱ्या पाहुण्यासारख्या. जास्तीचं अँजिओटेन्सिन त्यात तेल ओततं आणि किडनीत व्रण धरायला लागतात. या दाहामुळे क्लोथो नावाचं प्रोटीनही घटतं. ते मुख्यतः किडनीतच बनतं आणि हार्मोनसारखं रक्तातून फिरतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते नसलेले उंदीर झपाट्यानं म्हातारे होतात.

मग दाह कमी करणारी गोळी चांगलीच की! इथंच गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात. गुडघ्यातलंही आणि किडनीतलंही. आतली नळी आवळली जाते. त्यात आजीला बीपीसाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी गोळी चालू असेल, तर बाहेरची नळी आधीच सैल असते. वर लघवी वाढवणारी गोळी असेल, तर शरीरात पाणीही कमी. दाब एकदम पडतो. डॉक्टर याला ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलाब लागल्यावर तर विचारूच नका.

पण हे ऐकून आजीची बीपीची गोळी बंद करू नका हं! योग्य देखरेखीखाली तीच गोळी लांब पल्ल्यात किडनी वाचवते. आज एवढंच करा: आजीच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढा, मेडिकलमधून सुट्ट्या आणलेल्या पेनकिलरसकट, आणि डॉक्टरांना दाखवा. सोबत ईजीएफआर किती आणि लघवीतून अल्ब्युमिन जातंय का, हे दोन प्रश्न विचारा. वेळेत कळलं तर असा धक्का बऱ्याचदा भरून निघतो.


क्लोथोवर अख्खा भाग हवा असेल तर व्हॉइस नोट टाका.