वाघ परत आले, हे कशावरून?

एखाद्या जंगलातले वाघ संपले, म्हणून दुसरीकडून आणून सोडले. काही वर्षांनी तिथे पुन्हा वाघ दिसू लागले. मग प्रयोग यशस्वी झाला असे म्हणावे का? वर्गात विचारून पाहा, बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. या विषयावर पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे काम मात्र इथून पुढे सुरू होते.

मध्य प्रदेशातील पन्नाचे उदाहरण घेऊ. केन नदीकाठचे हे जंगल १९९४ साली व्याघ्र प्रकल्पात आले. २००९ सालापर्यंत तिथे एकही वाघ उरला नाही. मुख्य कारण चोरटी शिकार. वाघ घटत होते, तेव्हा सरकारी आकडे मात्र ते भरपूर असल्याचे सांगत होते. हे आकडे पावलांच्या ठशांवरून काढलेले असत. एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा उमटतो, धुळीत वेगळा. त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. ही चूक कागदावरच राहत नाही. धोका वेळेवर कळत नाही, आणि कळतो तेव्हा वाघ संपलेले असतात.

मार्च २००९ मध्ये बांधवगड आणि कान्हा येथून एकेक वाघीण पन्नात आणली. नोव्हेंबरमध्ये पेंचहून नर आला. हा पठ्ठ्या थोड्याच दिवसांत दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालू लागला! गळ्यात रेडिओ-पट्टा होता, म्हणून त्याचा माग ठेवता आला. चारशेहून अधिक किलोमीटर चाल झाल्यावर डिसेंबरअखेर त्याला बेशुद्ध करून परत आणले. या वेळी जंगलात वाघिणीचे मूत्र शिंपडले होते. वाघांना एकमेकांची खबर गंधावरून लागते. युक्ती लागू पडली. एप्रिल २०१० मध्ये बांधवगडच्या वाघिणीला चार पिल्ले झाली. पुढे कान्हा येथे माणसांच्या देखरेखीत वाढलेल्या दोन अनाथ वाघिणीही इथे सोडल्या गेल्या.

मोजायचे काय?

अशा जंगलात विद्यार्थी रोज रेडिओ-पट्ट्याचे संकेत टिपतो. वाघ एकाच जागी बराच वेळ थांबला, तर तो निघून गेल्यावर तिथे जाऊन शिकार शोधतो. विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वाघाने काय खाल्ले ते ठरवतो. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांत पट्टे जुळवून पाहतो. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे तोच वाघ दोनदा मोजला जात नाही. या साऱ्यातून त्याला तीन गोष्टी हव्या असतात: किती पिल्ले जगतात, माद्या किती वर्षे जगतात आणि वयात आलेली पिल्ले कुठे जातात.

माद्यांच्या आयुष्यावर एवढा भर का? एक सोपा हिशेब करू. सोयीसाठी एका मादीला एक नर धरू. समजा, वाघिणीची चार वेते झाली आणि प्रत्येक वेतात तीन पिल्ले, म्हणजे एकूण बारा. निम्मी मोठी झाली तर आईबापांच्या, म्हणजे दोघांच्या जागी सहा वाघ आले. जगण्याचे प्रमाण एक तृतीयांशावर घसरले, तरी चार आले. आता वाघीण पहिल्याच वेतानंतर मारली गेली असे धरा. पिल्ले तीन, निम्मी जगली तर सरासरी दीड! दोघांच्या जागी दीड. म्हणजे पिल्ले जन्मत असूनही वाघ कमी होत जाणार. मोजक्या माद्या मारल्या गेल्या तरी जंगल रिकामे कसे होते, ते या हिशेबातून कळते.

दुसरा प्रश्न वाणाचा. राजस्थानात सरिस्का येथेही वाघ संपले होते. २००८ पासून तिथे रणथंबोरचे वाघ आणले. सुरुवातीचे वाघ एकाच जंगलातले आणि जवळच्या नात्यातले होते. तिथली पहिली पिल्ले २०१२ साली दिसली. दरम्यान, २०१० मध्ये एका नरावर विषप्रयोगही झाला. पन्नातील मूळ वाघ तीन वेगवेगळ्या जंगलांतले होते. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना अधिक विविध जनुके मिळाली.

२०२२ च्या गणनेत पन्नाचे वाघ पन्नासच्या पुढे गेले. त्यांची तरुण पिढी सतना, चित्रकूट भागापर्यंत पोहोचली. वाघ परत आले, असे आता म्हणता येते. पण ते टिकतील का? केन-बेतवा प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. त्यातील दौधन धरणाच्या पाण्याखाली या व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग जाणार आहे. मग तरुण वाघांनी जायचे कुठे, कोणत्या वाटेने? याचे उत्तर एका वर्षाच्या आकड्यात सापडत नाही. त्यासाठी तेच वाघ वर्षानुवर्षे ओळखून, मोजून नोंदी ठेवाव्या लागतात. पन्नात पूर्वी हेच कमी पडले होते.

वरचा हिशेब मुलांकडून वेगवेगळे आकडे घेऊन करून घ्या. पिल्ले किती जगली आणि आई किती वर्षे जगली, यांपैकी कशाने जास्त फरक पडतो, ते त्यांनाच शोधू द्या.