खिडकी पूर्ण उघडेना!

मुंबई-गोवा महामार्गावरील माणगाव हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कोकण रेल्वेचे स्थानक येथे आहे आणि निजामपूर, ताम्हिणी घाटमार्गे पुण्याला जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. अशा गावांच्या बाजारपेठांतील पेढ्यांवर लाल बासनातील रोजमेळ आणि खतावणीची जागा आता बहुतांशी संगणकाने घेतली आहे. हिशेब हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये असतो. बँकेची पत्रे, मालाची पत्रके, भाडेकरार आणि घरच्या कार्याची निमंत्रणे मात्र 'वर्ड'मध्ये तयार होतात. त्यामुळे वर्ड अडले की पेढीचे कामही अडते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. महिनाअखेर आहे. किराणा आणि धान्याचा व्यापार करणारे सत्तरीतील एक गृहस्थ बँकेला द्यावयाचे मालाचे मासिक पत्रक तयार करीत बसले आहेत. पावसाळ्याचे दिवस, दुपारी वीज एकदा जाऊन आलेली. वर्ड उघडावे तो त्याची विंडो, म्हणजे खिडकी, पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागातच बसलेली. ओढूनताणून ती मोठी करावी, तर पुढच्या वेळी पुन्हा अर्धीच. तक्त्याचे उजवीकडचे रकाने दिसतच नाहीत. मुलगा वसुलीसाठी बाहेरगावी गेलेला. कंटाळून गृहस्थ दिसतील तेवढे रकाने भरतात आणि छपाईचा हुकूम देणार, इतक्यात पुण्यात शिकणाऱ्या नातीचा दूरध्वनी येतो.

पत्रक तसेच छापले गेले असते तर काय झाले असते, हे आधी पाहू. कॅश क्रेडिटची उचल मर्यादा ठरविताना बँक केवळ दुकानातील माल पाहत नाही. त्या मालापैकी ज्याचे पैसे अद्याप द्यावयाचे आहेत, ती रक्कम वजा करते आणि उरलेल्या रकमेतून स्वतःच्या सुरक्षिततेसाठी मार्जिन राखते. उदाहरणादाखल, माल १२ लाख रुपयांचा, व्यापाऱ्यांचे देणे ४ लाखांचे आणि मार्जिन २५ टक्के धरले, तर उचल मर्यादा ६ लाख येते. देण्याचा रकाना उजवीकडे लपलेला राहिला आणि त्यात मागील महिन्याचा १ लाखाचा आकडा तसाच राहिला, तर तीच मर्यादा ८ लाख २५ हजार दिसेल. सव्वादोन लाखांची ही तफावत मनात खोट नसताना झाली, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. परंतु कागदावर त्याची सही असते. माल तपासणीला आलेला अधिकारी खिडकी अर्धी होती हे पाहत नाही, तो पत्रक पाहतो. वर्षानुवर्षे कमावलेल्या पतीला अशा क्षुल्लक कारणाने डाग लागू नये. म्हणूनच अर्ध्या खिडकीचा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

दूरध्वनीवर नात विचारते, "आजोबा, वर उजव्या कोपऱ्यात तीन बटणे आहेत ना? त्यांतल्या मधल्या बटणावर एक चौकोन दिसतोय की एकावर एक असे दोन?"

या एका प्रश्नात दुरुस्तीची निम्मी वाट सामावली आहे. मधल्या बटणावर एकच चौकोन असेल, तर खिडकी मोठी झालेलीच नाही. दोष खिडकीत शोधावा. दोन चौकोन असतील, तर वर्डच्या दृष्टीने खिडकी पूर्ण मोठी आहे. मग दोष पानाच्या आकारात किंवा पडद्यात शोधावा. रोजमेळात फरक आला की जाणते मुनीम सगळ्या नोंदी खोडत बसत नसत. आधी बेरीज, मग मागील शिल्लक, मग एकेक नोंद, असा शोध घेत आणि प्रत्येक पायरीनंतर मेळ बसतो का ते पाहत. संगणकाचेही तसेच आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. घाईघाईने पाच बटणे दाबली तर मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे चार निर्माण होतात.

प्रथम खिडकी मोठी न होण्याचा प्रकार घेऊ. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून एक सोय आहे: खिडकीची वरची पट्टी माऊसने धरून पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेला नेली की खिडकी तेवढ्या अर्ध्या भागात चिकटून बसते. दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहण्यास ही सोय उत्तम. परंतु हात सरकून नकळत तसे झाले की माणूस गोंधळतो. उपाय सोपा आहे. खिडकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या जागी माऊसने दोनदा टकटक करावे. कीबोर्डवरून करावयाचे असल्यास विंडोजची कळ धरून वर जाणारा बाण दाबावा. अर्धी चिकटलेली खिडकी याने प्रथम पाव पडद्याएवढी होऊ शकते. तसे झाल्यास घाबरू नये, तोच बाण पुन्हा दाबावा. माऊस चालत नसेल तर ऑल्ट आणि स्पेस या कळा एकत्र दाबून मग एक्स दाबला तरी खिडकी मोठी होते.

खिडकी आज मोठी झाली आणि उद्या पुन्हा लहान उघडली, तर कारण निराळे असते. वर्ड बंद होताना आपल्या खिडकीचा आकार आणि जागा यांची नोंद करून ठेवते आणि पुढच्या वेळी त्याच नोंदीप्रमाणे उघडते. मध्येच वीज गेली तर ही नोंद करण्याची संधीच मिळत नाही. मग जुनी नोंद कायम राहते. अशा वेळी इतर सर्व फायली बंद करून एकच फाईल उघडी ठेवावी. खिडकीच्या कडा माऊसने ओढून ती जवळजवळ पडद्याएवढी करावी, त्यानंतर मधल्या बटणाने पूर्ण मोठी करावी, फाईल जतन करावी आणि वर्ड रीतसर बंद करावे. नवी नोंद झाली की खोड बहुधा जाते.

डेस्कटॉपवरील चिन्हावरून वर्ड उघडण्याची सवय असेल, तर त्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे. तेथे 'रन' या ओळीत 'नॉर्मल', 'मिनिमाइज्ड' आणि 'मॅक्सिमाइज्ड' असे तीन पर्याय असतात. त्यांतील शेवटचा निवडावा. मात्र ही आज्ञा त्या चिन्हापुरतीच असते. थेट फाईलवर टकटक करून ती उघडली, तर आज्ञा लागू होत नाही.

आता दुसरा प्रकार: बटणावर दोन चौकोन आहेत, तरीही पान लहान दिसते. येथे बहुधा खिडकी निर्दोष असते आणि पानाचा आकार कमी झालेला असतो. खाली उजव्या कोपऱ्यात टक्केवारी दाखविणारी पट्टी असते. ती १०० वर आणावी. कंट्रोलची कळ दाबलेली असताना माऊसचे चाक फिरले, तर ही टक्केवारी आपोआप बदलते. कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक कारण वरचेवर भेटते. वीज गेल्यानंतर वर्ड पुन्हा उघडले की डाव्या बाजूला जतन न झालेल्या फायलींची यादी असलेला उभा पट्टा येतो आणि पानाची जागा खातो. तो पट्टा न वाचता बंद करू नये. त्यात गेलेले काम परत मिळू शकते. आधी योग्य फाईल पाहून जतन करावी, मगच पट्टा बंद करावा.

दोष पडद्यातही असू शकतो. लॅपटॉप सभागृहातील प्रोजेक्टरला किंवा घरच्या टीव्हीला जोडून नंतर काढला, तर खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसलेली असू शकते. विंडोज आणि पी या कळा दाबून केवळ संगणकाचाच पडदा निवडावा. 'सेटिंग्ज'मधील 'डिस्प्ले'मध्ये रिझोल्यूशन आणि अक्षरांचे प्रमाण 'रेकमेंडेड' असे लिहिलेल्या आकड्यावर आहे का, तेही पाहावे.

एवढे करूनही खिडकी हट्ट सोडीत नसेल, तर कंट्रोलची कळ धरून ठेवून वर्ड उघडावे. सेफ मोडमध्ये उघडायचे का, असे ते विचारील, 'होय' म्हणावे. या साध्या रूपात खिडकी नीट वागली, तर वर्डला जोडलेल्या एखाद्या पूरक प्रोग्रॅमचा तो दोष असण्याची शक्यता मोठी. असे पूरक प्रोग्रॅम एकेक करून बंद करून पाहावेत. शेवटचा उपाय म्हणजे 'कंट्रोल पॅनेल'मधून ऑफिसची 'क्विक रिपेअर' ही दुरुस्ती. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, मात्र माहितगार माणसाशिवाय कोणी हात घालू नये.

ही खिडकी तशी जुनी नाही. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी बसत, एकमेकींवर येत नसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या आणि 'मिनिमाइज', 'मॅक्सिमाइज' हे शब्द रूढ झाले. विंडोजवर चालणारे वर्ड १९८९ चे. आज सत्तरीत असलेली पिढी तोपर्यंत पस्तिशीच्या आसपास पोहोचली होती. तिला ही बटणे शाळेत कोणी शिकविली नाहीत, ही तिची उणीव नव्हे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अशी अडचण आली की पुष्कळ लोक इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा क्रमांक शोधतात आणि मिळेल त्याला दूरध्वनी लावतात. पलीकडचा माणूस गोड बोलून एक अ‍ॅप घ्यावयास सांगतो आणि संगणकाचा ताबा आपल्या हाती घेतो. खिडकी मोठी होते किंवा होतही नाही. खाते मात्र रिकामे होऊ शकते. अशा दूरस्थ ताब्याच्या अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणेच होय. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे.

माणगावच्या त्या पेढीवर आता काय घडते? गृहस्थ चष्मा सावरून पाहतात आणि म्हणतात, "एकच चौकोन आहे." वरच्या पट्टीवर दोनदा टकटक होते, खिडकी पडदाभर पसरते आणि उजवीकडचा देण्याचा रकाना समोर येतो. त्यात मागील महिन्याचाच आकडा असतो. ते खतावणी काढतात, देणे पुन्हा मोजतात, आकडा बदलतात आणि मगच छपाईचा हुकूम देतात. नातीने केले ते इतकेच, की तिने दुरून काम उरकून न टाकता प्रश्न विचारून आजोबांच्या हातून ते करून घेतले. पुढच्या महिनाअखेरीस वीज गेली, तर त्यांना कोणाच्या दूरध्वनीची वाट पाहावी लागणार नाही.

घरातील तरुणांनी आठवड्यातील अर्धा तास वडीलधाऱ्यांसाठी असा द्यावा आणि वडीलधाऱ्यांनी या पायऱ्या वहीत आपल्या अक्षरात लिहून संगणकाशेजारी ठेवाव्यात. आणि सही करण्यापूर्वी, खिडकी अर्धी असो वा पूर्ण, कागदाचा शेवटचा रकाना एकदा डोळ्यांखालून घालावा.