विहिरीतला पांढरा दगड : जिप्समची खाण की नुसती गारगोटी?

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, जिकडे पाऊस नेहमीच हात आखडता घेतो, एका वस्तीवर विहिरीचे काम चालू होते. सहा परसांखाली मांजऱ्या खडक लागला आणि सुरुंग उडाल्यावर पांढरेशुभ्र, चमकणारे खडे वर आले. यारीवाला सहज बोलून गेला, "आबा, हे तर जिप्सम हाय. दुकानात गोणीवर पैसे मोजावे लागतात याला." झाले! दोन दिवसांत गावभर बोभाटा की, आबांच्या रानात जिप्समची खाण लागली. चौथ्या दिवशी एक मध्यस्थ येऊन सांगून गेला, "आणखी चार बोअर मारून ठेवा, लीजचं मी बघतो." आबांनी सोसायटीत कर्जाची चौकशीही करून ठेवली होती. आम्ही गेलो तेव्हा पाटीभर खडे ओट्यावर मांडलेले.

"आबा, नखानं ओरखडा काढून पाहिला का?"

"नाही बुवा. निखाऱ्यावर टाकून पाहिला. पाणी सुटलं, फुगला बी. म्हंजे जिप्समच ना?"

नेमकी येथेच फसगत होते. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी असते, ते तापवल्यावर सुटते, हे खरे. पण आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइट जातीचे स्फटिकही तापवल्यावर पाणी सोडतात. १७५६ साली क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने या खनिजांना नाव दिले तेच मुळी 'उकळणारा दगड' या अर्थाचे. तेव्हा निखाऱ्याची परीक्षा येथे कामाची नाही. नखाची परीक्षा बरी. जिप्सम इतके मऊ की नखाने ओरखडा उठतो. कॅल्साइटवर नखाने उठत नाही, आणि त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. झिओलाइट त्याहूनही कठीण, आणि खरी गारगोटी तर काचेवर रेघ ओढते. आबांनी तिथल्या तिथे नख लावून पाहिले. नख घासले, दगडाला काही झाले नाही. आम्लही फसफसले नाही.

आबांचा चेहरा उतरला, पण चुलत्याच्या पोराने हेका सोडला नाही. "वरचा दगड नसंल, खाली असंल की! खोल गेल्याशिवाय कसं कळायचं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. जिप्समचे जाड थर तयार होतात ते समुद्राचे किंवा खाऱ्या तळ्याचे पाणी आटून. आपला नाशिक जिल्हा मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. या खडकाखाली काय आहे हे महाराष्ट्रात दोन ठिकाणी खोल बोअर घेऊन पाहिले गेले, दोन्ही भूकंपाच्या अभ्यासासाठी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ३३८ मीटर काळा खडक लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग जुना कठीण पाया. कोयनेजवळ तर सुमारे ९३० मीटर काळा खडक संपला आणि थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पाया लागला. जिप्सम दोन्हीकडे नाही. सिन्नरला बोअर घेतलेली नाही हे मान्य, पण चार-पाचशे फुटांची बोअर काळ्या खडकातच सुरू होऊन काळ्या खडकातच संपणार, आणि पैसा मात्र आबांचा जाणार.

आता घटकाभर धरून चालू की, कोठे तरी खरोखर थर लागला. तरी तो काढण्याजोगा आहे का, याचा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर जाडीचा थर म्हणजे १० हजार घनमीटर, वजनाने सुमारे २३ हजार टन. त्यावर १० मीटर माती-मुरूम असेल तर तो उपसायचा एक लाख घनमीटर. म्हणजे एक टन जिप्सममागे चार घनमीटरहून अधिक माती हलवायची! खाली भुयार करून काढायचे तर छत तोलायला खांब सोडावे लागतात, त्यात बराच माल अडकून राहतो. शिवाय जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते, तेव्हा पाणी उपसत राहणे आले. इतके करूनही भुयारी खाणी चालतात, नाही असे नाही. इंग्लंडात ससेक्स परगण्यात दुसऱ्याच शोधासाठी घेतलेल्या बोअरमध्ये जिप्सम लागले आणि १८७६ पासून तेथे भुयारी खाण सुरू झाली. पण थर जाड आणि गिऱ्हाईक जवळ असेल तरच हे जमते.

कारण जिप्समची खरी किंमत वाहतुकीत आहे. माल स्वस्त, वजन भारी. देशातले बहुतेक जिप्सम राजस्थानात, बिकानेर, जैसलमेर, नागौर, श्रीगंगानगर या बाजूला. तेथे बऱ्याच जागी ते जमिनीलगत असल्याने नुसत्या यंत्राने ओरबाडून काढता येते. १९५१ मध्ये सुरू झालेल्या सिंद्रीच्या खत कारखान्याला हेच जिप्सम हजार किलोमीटरहून लांब रेल्वेने जात असे, पण त्यामागे अख्ख्या सरकारचे बळ होते. आबांच्या विहिरीच्या तोंडाशी ना रेल्वे ना डांबरी रस्ता. खोल, पातळ आणि आडवळणाचा साठा उघड्या राजस्थानी मालाशी भावात टिकणार कसा?

गावच्या कारभाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जमीन आपल्या नावावर असली तरी पोटातल्या खनिजाचा हक्क १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाप्रमाणे सर्वसाधारणपणे शासनाकडे असतो. २०१५ पासून जिप्सम गौण खनिजात आहे. तेव्हा 'लीज मिळवून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती पैसे ठेवण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेत जाऊन यावे आणि तेथे दगडाचा नमुनाही दाखवावा.

बरे, आबांना जिप्सम हवे होते ते का, हे निघताना कळले. त्यांच्या पाटाखालच्या दीड एकराचा सगळा तुकडा चोपण झाला आहे, पाणी दिले की वर साय धरते आणि वाळले की दगडासारखे होते. आम्ही म्हटले, आधी माती तपासा. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समचा उपयोग आहे. नुसतीच खारवट असेल तर नाही, तिथे चर काढून पाण्याचा निचरा केला पाहिजे. चुनखडी भरपूर असेल तर गंधकाचाही विचार करावा, कारण कॅल्शियम जमिनीत आधीच आहे. आणि निचरा नसेल तर कितीही गोण्या टाका, सुटलेला सोडियम जाणार कोठे?

"आणि हे खडे?" आबांनी विचारले.

सिन्नरजवळ माळेगावला गारगोटी संग्रहालय आहे. असेच खडे तिथे काचेआड ठेवलेले आहेत. एखादा चांगला, न फुटलेला स्फटिक असेल तर जपून ठेवा म्हटले. आबांनी त्यातला एक खडा धुऊन देवळीत ठेवला, बाकीचे पोरांना वाटले आणि दुसऱ्या दिवशी चोपण तुकड्यातल्या पाच जागांची माती पिशवीत भरून ठेवली.