ओपीटी: ‘तीन वर्षांचा वर्क व्हिसा’ आणि वस्तुस्थिती

ओपीटी म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी थेट निगडित काम ठरावीक मुदतीपर्यंत करू देणारी ही परवानगी. ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये तिथल्या ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण ओपीटीवर होते. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात पालकांच्या बोलण्यात ही सगळी व्यवस्था एका वाक्यात उरकली जाते: ‘एमएस झालं की तीन वर्षांचा वर्क व्हिसा मिळतो.’ या वाक्यातला ‘एमएस’ सोडला, तर जवळजवळ प्रत्येक शब्दाला दुरुस्ती लागते.

आधी ‘व्हिसा’. विद्यार्थ्याजवळ चार वेगवेगळे कागद असतात आणि ते चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. पासपोर्टची पुस्तिका छापली जाते ती नाशिकरोडच्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिच्यावर चिकटणारा व्हिसा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातली (बीकेसी) अमेरिकी वकिलात देते. आय-२० हा प्रवेशाचा दाखला विद्यापीठ देते. काम करू देणारे ईएडी कार्ड मात्र यूएससीआयएस हे अमेरिकी सरकारचे खाते देते. व्हिसाचा उपयोग देशाच्या दारापर्यंत. आत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क पुढचे दोन कागद ठरवतात. म्हणून ओपीटीवर नोकरी चालू असताना पासपोर्टवरचा व्हिसा संपला तरी मुक्काम बेकायदा होत नाही, आणि व्हिसा शाबूत आहे म्हणून कार्डाशिवाय एक दिवसही काम करता येत नाही. फरक जाणवतो तो भावाबहिणीच्या लग्नाला नाशिकला आल्यावर. व्हिसा संपलेला असेल, तर परतण्याआधी पुन्हा बीकेसीची वारी करावी लागते. शिवाय ईएडी कार्ड, नोकरीचे पत्र आणि सहा महिन्यांच्या आतली सही असलेला आय-२० जवळ हवा.

‘मिळतो’ हेही खरे नाही. पदवीबरोबर ओपीटी आपोआप येत नाही आणि कंपनीही ती काढून देत नाही. अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा असतो. विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणारा अधिकारी, आधी शिफारस नोंदवतो. त्यानंतर ३० दिवसांत आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे पोचावा लागतो. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून तो संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत ही खिडकी उघडी असते. अर्ज करताना हातात नोकरी असण्याची अट नाही. नोकरी लागल्यावर बघू म्हणून थांबणाऱ्याची मात्र खिडकी बंद होऊ शकते, आणि ती पुन्हा उघडत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ ‘तीन वर्षांचा’ या शब्दांचा. मूळ ओपीटी १२ महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, म्हणजे ‘स्टेम’ गटातली पदवी असेल तरच आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते, आणि तिचा अर्ज वेगळा. पदवी स्टेममध्ये बसते की नाही हे तिच्या नावावरून ठरत नाही. आय-२०वर छापलेल्या सीआयपी या सांकेतिक क्रमांकावरून ठरते. सर्वसाधारण एमबीए या यादीत नाही. त्याच इमारतीत शिकवला जाणारा मॅनेजमेंट सायन्सचा अभ्यासक्रम असू शकतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचेच असल्याने दंतवैद्यक किंवा अन्य आरोग्यशाखांची पदवी घेऊन अमेरिकेत एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करण्याचा विचार इथे नवा नाही. त्यात साथरोगशास्त्राचा क्रमांक स्टेममध्ये मोडतो, सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा मोडत नाही. दोन्ही पदव्यांवर नाव एमपीएच, पण एकीला ३६ महिने आणि दुसरीला १२. हा क्रमांक प्रवेश घेण्याआधी विचारायचा असतो. फी भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

मुदतवाढीच्या अटीही जास्त कडक. कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली हवी, आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो आणि काम पगारी असावे लागते. पहिल्या १२ महिन्यांत विषयाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय चालतो. मुदतवाढीत आपणच आपले मालक होणे चालत नाही.

या २४ महिन्यांकडे कायमचा हक्क म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ओपीटी प्रशासकीय नियमांवर उभी आहे, अमेरिकी संसदेने तिच्यासाठी वेगळा कायदा केलेला नाही. २००८ मध्ये मुदतवाढ १७ महिन्यांची होती. तो नियम करताना लोकांच्या हरकती मागवल्या नव्हत्या म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि २०१६ मध्ये नव्या नियमाने २४ महिने आले. तंत्रज्ञांच्या एका संघटनेने ओपीटीलाच आव्हान दिले होते. २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ओपीटी वैध ठरवली. नियमाने आलेली गोष्ट नियमाने बदलताही येते.

राहिला ‘वर्क’. कोणतेही काम चालते, निदान सुरुवातीला, अशी समजूत असते. काम विषयाशी संबंधितच हवे आणि आठवड्याला किमान २० तास हवे. संगणकशास्त्राच्या पदवीधराने किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणे यात मोजले जात नाही. पहिल्या वर्षी विषयाशी संबंधित विनावेतन काम मात्र चालते. बेकारीचेही दिवस मोजले जातात: मूळ ओपीटीत एकूण ९०, मुदतवाढ धरून १५०. मोजणी कार्डावरच्या आरंभतारखेपासून, सुट्टीचे दिवस धरून. ‘नोकरी नाही तोवर घरी येऊन राहू’ या विचाराने घड्याळ थांबत नाही. नोकरीविना नाशिकला काढलेले दिवसही त्यातच जमा होतात. हे दिवस झाकायला नावापुरती नोकरी दाखवणाऱ्या कन्सल्टन्सीचा मार्ग सुचवला जातो. तो कागद पुढच्या प्रत्येक अर्जात तपासला जाऊ शकतो आणि खोटा ठरला तर पुढची सगळी दारे बंद होतात.

दुसरे एमएस करून आणखी एक ओपीटी घेता येते, हाही लाडका गैरसमज. एका पातळीला एकदाच. पुढची संधी पीएचडीसारख्या वरच्या पदवीनंतर. शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करू देणारी सीपीटी पूर्णवेळ १२ महिने वापरली, तर त्या पातळीवरची ओपीटी उरतच नाही.

ब्रिटन-कॅनडाला गेलेल्या नातलगांचे अनुभव इथे लागू पडत नाहीत. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट हा खराच व्हिसा आहे आणि त्यावर विषयाबाहेरचे कामही करता येते.

ओपीटीनंतर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा ओघानेच मिळतो असेही नाही. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेतली पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असते. अर्ज कंपनी करते आणि निवड सोडतीतून होते. स्टेमच्या तीन वर्षांचे खरे मोल पगाराइतकेच सोडतीच्या जादा संधींत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीसाठी जाहीर झालेले एक लाख डॉलरचे शुल्क ओपीटीवरच्या प्रत्येकाला भरावे लागेल, ही धास्तीही अर्धवट माहितीतून आलेली. अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा यूएससीआयएसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केला.

सोडत लागली नाही आणि ओपीटीची मुदत संपली, तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात परतायचे, नव्या अभ्यासक्रमात बदली घ्यायची किंवा दुसऱ्या दर्जासाठी अर्ज करायचा. या दिवसांत काम मात्र करता येत नाही. बेकारीची मर्यादा ओलांडलेल्याला हे ६० दिवसही नाहीत.